बोअर नंबर चार

अक्कलकोट रोडला, यंत्रमागांच्या गल्लीत,
बंद पडलेल्या पेट्रोल पंपापासून एकशे चाळीस पावलांवर
नरसम्मा गुंटूक यांचा बोअर.
माझ्या वहीत त्याचं नाव चार.
एक, दोन, तीन पंपाच्या आवारात आहेत,
त्यांचं पाणी कधीच कुणी प्यालं नाही.

पहिल्या वर्षी वास माझ्याआधी त्यांनाच आला.
सुपातली तेंदूची पानं कातरता कातरता म्हणाल्या,
"रंगाच्या डब्यावानी येतोय. आणि आतनं कडू."
प्रयोगशाळेनं तेच सांगितलं, तीन आठवड्यांनी,
दशांशचिन्हासकट.
मग मोटर काढली. नळ येतो पाच दिवसांनी,
पिंपं वाढली दारात.

टाकी कधी गळायला लागली ते कुणाला सांगता येत नाही.
बेन्झीन रेंगाळलं, मुरमाला धरून बसलं.
पण इथर,
शिसं काढलं तेव्हा त्याच्या जागी आलेलं,
ते पाण्याशी गोड बोलून पुढे निघालं
काळ्या पाषाणाच्या भेगाभेगांतून.
त्या भेगा मी नकाशात पेन्सिलीनं काढल्यात,
अंदाजानं.

साहेब म्हणाले, उपसायचं नाही. मोजायचं आणि थांबायचं.
अहवालात याला नैसर्गिक घट म्हणतात.
मला वाटलं, निधी नाही याचंच हे शास्त्रीय नाव.

पण खाली खरंच कुणीतरी जेवत होतं.
न दिसणारी ती पंगत आधी बेन्झीनवर बसली.
हवा संपली तर नायट्रेट,
नायट्रेट संपलं तर दगडातलं लोखंड,
श्वासाला जे हाती लागेल ते.
इथर मात्र सगळ्यांनी ताटाच्या कडेला सारलं,
कढीपत्त्यासारखं.
दोन उन्हाळे ते तसंच पडून.
तिसऱ्यात, पारा चव्वेचाळीसवर असताना,
आलेख जरासा वाकला.
मी पट्टी लावून पाहिलं. वाकलाच होता.

दर तिमाहीला मी जाते.
आधी नळीतलं शिळं पाणी काढून टाकते, तीन बादल्या.
नरसम्मांना बघवत नाही.
"अगं, तुळशीला तरी घाल."
मी घालत नाही. कारणही सांगत नाही.
बाटलीत एक बुडबुडा राहता कामा नये,
उलटी धरून टिचकी मारायची.
त्या शेंगाचटणीची पुडी माझ्या बर्फाच्या पेटीत ठेवू बघतात,
मी ती मांडीवर घेते.

"गेलं का गं?"
"कमी झालंय."
"पर गेलं कुठं?"

याला माझ्याकडे एक लांबलचक नाव आहे.
इथर मोडतं, त्याचा अल्कोहोल होतो,
त्याला वास जवळजवळ नाही, तोही वाहत राहतो,
त्यालाही कुणी खातं,
कुठे कुठे खात नाही.
"गेलं नाही मावशी. नाव बदलून राहिलंय."
त्या हसल्या.
"आमचा थोरला दीर भिवंडीत राहिला, तसं. उधारी करून."

या खेपेला इथरच्या रकान्यात आकडा नव्हता.
लिहिलं होतं, शोधमर्यादेखाली.
म्हणजे शून्य नव्हे.
यंत्राचं नाक इथवर, एवढाच अर्थ.
तरी मी स्कूटर दामटत गेले.

पेला त्यांनी नाकाशी धरला. बराच वेळ.
"काई येत नाही."
मग चिमूटभर तंबाखू हुंगली,
बोटं हुंगली,
पदर.
"हे बी येत नाही बघ. दिवाळीपास्नं."

पायरीवर बसलो दोघी, पेला मध्ये.
भिंतीपलीकडे टॉवेल विणला जात होता,
खडखड, खडखड, तोच काठ.
वहीत तारीख लिहिली, तापमान लिहिलं.
वास, या रकान्यापाशी मी थांबले,
तेवढ्यात त्या उठून भिंतीपाशी गेल्या, टाचा उंचावून ओरडल्या,
"ए यादगिरी, ये रे जरा इकडं,
नाक उसनं पाहिजे तुजं!"

माग थांबला.